मेरापी : धुमसता पर्वत आणि इशाऱ्यांचा इतिहास

इंडोनेशियात सुमारे १३० जागृत ज्वालामुखी आहेत आणि त्यांपैकी जावा बेटाच्या मध्यभागी उभा असलेला मेरापी हा सर्वांत वारंवार उद्रेक पावणाऱ्या व सर्वांत बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या पर्वतांत गणला जातो. त्याच्या शिखरापासून दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर योग्यकर्ता हे सुलतानांच्या राजधानीचे शहर आहे, पश्चिमेला जवळपास तेवढ्याच अंतरावर बोरोबुदुरचा महास्तूप आहे आणि दक्षिण पायथ्याच्या मैदानात प्रंबाननची शिवमंदिरे आहेत. उतारांवर भाताची खाचरे, सालक फळांच्या बागा, दुभत्या गाईंचे गोठे आणि दाट वस्तीची गावे इतक्या उंचीपर्यंत चढत गेलेली आहेत की पर्वत कोठे सुरू होतो आणि माणसांची वस्ती कोठे संपते, हे नकाशावर स्पष्ट रेषेने दाखवणे अवघड जाते. त्यामुळे मेरापीच्या उद्रेकांचा इतिहास हा भूविज्ञानाचा जितका विषय आहे, तितकाच तो पर्वताने दिलेली पूर्वसूचना कोण वाचतो, ती गावापर्यंत कोण पोहोचवतो आणि गाव तिच्यावर विश्वास का ठेवते किंवा का ठेवत नाही, या प्रश्नांचाही इतिहास आहे.

शिलारसाचा स्वभाव

महाराष्ट्रातील वाचकाला ज्वालामुखीचा खडक परका नाही, कारण सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसाल्टची आहेत, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आलेल्या लाव्ह्याचा आहे. तो लाव्हा पातळ काकवीसारखा दूरवर पसरला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यात एकच एक उंच शंकू उभा राहिला नाही. मेरापीची जडणघडण याहून वेगळी आहे. जावाच्या दक्षिणेला समुद्रतळाशी भारत-ऑस्ट्रेलिया भूपट्ट वर्षाला सुमारे सहा-सात सेंटीमीटर या गतीने बेटाच्या खाली सरकत जातो. खाली जाणाऱ्या या भूपट्टातील खनिजांमध्ये अडकलेले पाणी खोलवरच्या उष्णतेने व दाबाने मोकळे होते आणि ते वरच्या प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या जाड खडकाळ थरात, मिसळले की त्या खडकाचा वितळणबिंदू उतरून शिलारस तयार होतो. वर येताना या शिलारसातील सिलिकेचे प्रमाण वाढत जाते, त्यामुळे तो दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा पुष्कळच घट्ट होतो आणि त्यात विरघळलेले वायू सहजासहजी निसटू शकत नाहीत.

असा घट्ट लाव्हा आणि स्फोटात उधळलेली राख व दगडगोटे यांचे थर एकाआड एक साचून जो उभ्या उताराचा शंकू तयार होतो, त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. जपानचा फुजी, इटलीचा व्हेसुव्हियस आणि अंदमानातील बॅरन बेट ही याच प्रकारची उदाहरणे होत. मेरापीची उंची २,९०० मीटरपेक्षा थोडी अधिक आहे, परंतु हा आकडा स्थिर नाही, कारण शिखर दर मोठ्या उद्रेकात मोडते आणि पुन्हा वाढू लागते.

मेरापीचे वैशिष्ट्य त्याच्या लाव्हाघुमटात आहे. विवरातून हळूहळू बाहेर येणारा घट्ट लाव्हा वाहून न जाता तोंडाशीच साचतो, बाहेरून थंड होऊन कठीण कवच धरतो आणि आत मात्र शेकडो अंश तापलेला व वायूने भरलेला राहतो. हा ढीग उतारावर झुकला आणि स्वतःच्या भाराने किंवा आतल्या दाबाने ढासळला की तप्त दगड, राख आणि वायू यांचा मिश्र लोट दरीतून खाली धावतो. भूविज्ञानात त्याला अग्निदलिक प्रवाह म्हणतात. त्याचा वेग तासाला शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो, त्याचे तापमान अनेकशे अंश असते आणि त्याच्या वाटेत सापडलेल्या माणसाला पळण्याची संधी क्वचितच मिळते. घुमट ढासळून निर्माण होणाऱ्या अशा प्रवाहांना जगभरातील ज्वालामुखीशास्त्रज्ञ ‘मेरापी प्रकार’ याच नावाने ओळखतात, तर उतारावरचे जावानीज शेतकरी त्या गुंडाळत येणाऱ्या राखाडी ढगांना कुरळ्या लोकरीची मेंढरे म्हणतात. लाव्ह्याच्या ओघळापासून गाव वाचू शकते, या ढगापासून ते बहुधा वाचत नाही, म्हणून मेरापीच्या बाबतीत संरक्षणाचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे ढग सुटण्यापूर्वी माणसांनी तेथून निघून जाणे.

गाडली गेलेली मंदिरे

मेरापीच्या प्राचीन उद्रेकांचा लेखी वृत्तांत तुटपुंजा असला, तरी जमिनीखालचा पुरावा विपुल आहे. योग्यकर्ताच्या पूर्वेला सांबिसारी या गावी १९६६ मध्ये शेत खणणाऱ्या एका शेतकऱ्याच्या अवजाराला कोरीव दगड लागला आणि पुढील उत्खननात नवव्या शतकातील एक संपूर्ण शिवमंदिर सुमारे साडेसहा मीटर खोल ज्वालामुखीय गाळाखाली सापडले. गर्भगृहातील लिंग आणि योनी, तसेच बाहेरच्या कोनाड्यांतील दुर्गा, गणेश व अगस्त्य यांच्या मूर्ती जागेवर होत्या. जीर्णोद्धार १९८७ मध्ये पूर्ण झाला आणि आज हे मंदिर एका मोठ्या खळग्याच्या तळाशी उभे आहे, पायऱ्या उतरूनच त्याच्या अंगणात जावे लागते. डिसेंबर २००९ मध्ये योग्यकर्ताच्या एका इस्लामी विद्यापीठाच्या आवारात ग्रंथालयाचा पाया खणताना किंपुलान येथील आणखी एक लहान शैव मंदिर अशाच गाळाखाली मिळाले.

या शोधांमुळे एक जुना वाद पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. मध्य जावातील मातराम राज्याची राजधानी दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्पु सिंडोक या राजाच्या काळात, पूर्व जावाकडे हलली. डच भूवैज्ञानिक व्हॅन बेमेलेन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इसवी सन १००६ मध्ये मेरापीचा प्रचंड उद्रेक होऊन राज्य उद्ध्वस्त झाले, असे मत मांडले आणि त्यासाठी ऐर्लंग राजाच्या १०४१ च्या शिलालेखातील प्रलयाच्या उल्लेखाचा आधार घेतला. हा शिलालेख इंग्रज अमदानीत जावाहून कलकत्त्याला आणला गेला आणि तो तेथील भारतीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. परंतु राजधानीचे स्थलांतर या तारखेच्या कितीतरी आधी झालेले होते, शिलालेखातील प्रलय हा शत्रूच्या हल्ल्याचे वर्णन म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक ठरते आणि मंदिरांवरील थरही एकाच उद्रेकाचे नसून वेगवेगळ्या काळातील आहेत, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. एका रात्रीत संस्कृती गडप झाल्याची कथा आकर्षक आहे, पण मेरापीची खरी रीत अनेक लहान-मध्यम उद्रेकांनी आणि त्यांनंतरच्या चिखलपुरांनी मैदाने हळूहळू भरत नेण्याची आहे.

आधुनिक नोंदींच्या काळातील पहिला फार मोठा उद्रेक एप्रिल १८७२ मध्ये झाला. ज्वालामुखीच्या स्फोटकतेचा निर्देशांक शून्य ते आठ असा मोजला जातो आणि त्यातील प्रत्येक वरची पायरी साधारणतः दहापट अधिक उधळलेले द्रव्य दर्शवते. १८७२ च्या उद्रेकाला या मोजपट्टीवर चौथी पायरी देण्यात येते. त्यानंतरच्या शतकभरात मेरापी लहान लहान उद्रेकांनी सतत जागा राहिला, आणि पुढे पाहू तसे, या सवयीनेच त्याच्याविषयी एक फसवा अंदाज तयार झाला.

वेधशाळेचा जन्म आणि विसावे शतक

इंडोनेशियातील पद्धतशीर ज्वालामुखी-निरीक्षणाची सुरुवात मेरापीमुळे झाली नाही. पूर्व जावातील केलूद ज्वालामुखीच्या विवरसरोवराचे पाणी मे १९१९ मध्ये उसळून चिखलाचे लोट खाली आले, त्यांत पाच हजारांहून अधिक माणसे दगावली आणि या आपत्तीनंतर डच वसाहतसरकारने १९२० मध्ये ज्वालामुखींवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र खाते स्थापन केले. मेरापीवर १९२४ मध्ये भूकंपलेखक बसला. तरीही डिसेंबर १९३० मध्ये पश्चिम उतारावरून सुमारे १२ किलोमीटरपर्यंत गेलेल्या अग्निदलिक प्रवाहांनी तेरा गावे पूर्णपणे नष्ट केली आणि १,३६९ माणसांचा बळी घेतला. विसाव्या शतकातील मेरापीचा हा सर्वांत घातक उद्रेक होय. त्यानंतर उतारांवरची निरीक्षणठाणी वाढवण्यात आली. बाबादान, सेलो, ज्राका, न्गेपोस आणि कालिउरांग ही ठाणी आजही पर्वताच्या वेगवेगळ्या बाजूंवर नजर ठेवतात आणि योग्यकर्ता येथील संशोधन केंद्रात त्यांच्या नोंदी एकत्र येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बळींची संख्या त्यामानाने कमी राहिली. जानेवारी १९५४ मध्ये ६४ माणसे गेली. २२ नोव्हेंबर १९९४ रोजी घुमटाचा मोठा भाग दक्षिणेकडच्या बोयोंग दरीत कोसळला आणि तुर्गो गावात साठहून अधिक जण होरपळून मेले. त्यांतील अनेक जण एका लग्नाला जमलेले होते. या घटनेने दाखवून दिले की घुमट मोठा नसतानाही आणि स्फोटाची ठळक पूर्वसूचना नसतानाही केवळ त्याचे एका बाजूला झुकणे पुरेसे घातक असते.

२००६ मध्ये घुमट पुन्हा वाढू लागला आणि त्या वर्षी २७ मे रोजी योग्यकर्ता परिसराला बसलेल्या भूकंपात साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पर्वताची हालचालही वाढली. १४ जून रोजी सुटलेला प्रवाह गेंदोल दरीतून कालिआदेम या सहलीच्या जागेवर आला. तेथे अशाच प्रसंगासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या भूमिगत आश्रयगृहात दोन मदतकार्यकर्ते शिरले, दारापुढे तप्त राखेचा जाड थर साचला आणि आतल्या उष्णतेने दोघांचाही मृत्यू झाला. आश्रयगृहाची भिंत टिकली, माणसे टिकली नाहीत, हा त्या घटनेचा तांत्रिक निष्कर्ष पुढील नियोजनासाठी महत्त्वाचा ठरला.

राजवाडा, रखवालदार आणि २०१०

योग्यकर्ताच्या सुलतानांच्या विश्वकल्पनेत मेरापी, राजवाडा आणि दक्षिणेचा समुद्र एकाच उत्तर-दक्षिण अक्षावर येतात. या अक्षाला व त्यावरील वास्तूंना युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुलतानांच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ दरवर्षी राजवाड्यातून वस्त्रे आणि इतर अर्पणद्रव्ये पर्वतावर पाठवली जातात आणि ती वाहण्याचा मान पर्वताच्या नियुक्त रखवालदाराचा असतो. नवव्या हामेंगकुबुवोनो सुलतानांनी नेमलेले म्बाह मारिजान, म्हणजे मारिजान आजोबा, हे किनाहरेजो या शिखरालगतच्या वाडीत राहत. २००६ मध्ये स्थलांतराचा आदेश असूनही ते वाडी सोडून गेले नाहीत, त्यांची वाडी त्या वेळी वाचली, देशभर त्यांचे नाव झाले आणि एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीतही ते दिसले. वेधशाळेचा इशारा आणि आजोबांचे शांत बसून राहणे यांपैकी दुसरे खरे ठरले, असा अर्थ अनेक गावकऱ्यांनी काढला.

चार वर्षांनी पर्वत वेगळ्या रीतीने जागा झाला. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार पातळ्या असतात: सामान्य, सावध, सज्ज आणि सर्वोच्च अशी चौथी, जिच्यात ठरवलेल्या क्षेत्रातील प्रत्येकाने बाहेर पडणे अपेक्षित असते. २० सप्टेंबर २०१० रोजी दुसरी, २१ ऑक्टोबरला तिसरी आणि २५ ऑक्टोबरला चौथी पातळी जाहीर झाली, कारण भूकंपांची संख्या आणि वायूंचे प्रमाण झपाट्याने वाढत होते आणि शिखराचा दक्षिण भाग दिवसाला अर्ध्या मीटरच्या आसपास बाहेर सरकू लागला होता. पूर्वीच्या उद्रेकांत आधी घुमट दिसत असे, या वेळी घुमट नसतानाच एवढी विकृती आढळली, म्हणजे खालून मोठ्या प्रमाणात वायुयुक्त शिलारस वेगाने वर येत होता. २६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पहिला स्फोट झाला, तप्त ढग किनाहरेजोवर आला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ८३ वर्षांचे म्बाह मारिजान त्यांत होते.

त्यानंतरच्या दिवसांत विवरात नवा घुमट सेकंदाला सुमारे २५ घनमीटर अशा, मेरापीच्या मानाने विलक्षण, गतीने वाढला. ढगांनी शिखर झाकलेले असतानाही उपग्रहावरील रडारच्या प्रतिमांतून ही वाढ दिसत होती. इंडोनेशियाच्या ज्वालामुखी केंद्राचे तेव्हाचे प्रमुख सुरोनो यांनी निर्बंधित क्षेत्र दहावरून पंधरा किलोमीटरपर्यंत आणि ५ नोव्हेंबरला वीस किलोमीटरपर्यंत वाढवले. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा स्फोट होऊन गेंदोल दरीतून सुटलेला प्रवाह पंधरा किलोमीटरच्या पलीकडे गेला. विमानसेवा विस्कळीत झाल्या, बोरोबुदुरच्या स्तूपांवर आम्लयुक्त राखेचा थर बसला आणि मंदिर बंद ठेवून दगडन् दगड साफ करावा लागला. १८७२ नंतरच्या या सर्वांत मोठ्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. परंतु तीन ते चार लाख लोक घरे सोडून गेलेले होते आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्यांमुळे दहा ते वीस हजार प्राण वाचले असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी नंतर मांडला.

या घटनेचे श्रेय विज्ञानाला आणि दोष श्रद्धेला देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. लोक घराकडे परतत होते त्यामागे गोठ्यातील गाई, चारा आणि चोरीची भीती ही कारणेही होती. म्हणूनच २०१० मध्ये शासनाला गुरे विकत घेण्याची घोषणा करावी लागली. गावाने इशारा मानावा यासाठी इशारा अचूक असावा लागतो, आणि तो मानल्याचे नुकसान गरिबाला परवडावेही लागते.

राखेनंतरचे पाणी

उद्रेक थांबल्यावरही संकट संपत नाही. उतारांवर साचलेली कोट्यवधी घनमीटर राख आणि दगड पावसाळ्यात पाण्यात मिसळून घट्ट चिखलाचे पूर येतात. त्यांना लाहार म्हणतात आणि जावानीज भाषेतील ही संज्ञा आता साऱ्या जगाच्या भूविज्ञानात रूढ आहे. जानेवारी २०११ मध्ये पुतिह नदीच्या लाहारांनी मागेलांग ते योग्यकर्ता हा मुख्य रस्ता अडवला आणि काठावरची घरे छपरापर्यंत गाडली. अशा पुरांचा जोर मोडण्यासाठी जपानच्या सहकार्याने मेरापीच्या नद्यांवर दोनशेहून अधिक बंधारे बांधलेले आहेत, ज्यांना साबो बंधारे म्हणतात. ते पाणी अडवत नाहीत, दगडगाळ थोपवतात. त्यांच्यामागे साचलेली वाळू मालमोटारींनी शहरांकडे जाते आणि मुंतिलानचे शिल्पी मेरापीच्याच दगडातून मूर्ती घडवतात. पर्वत ज्या राखेने गावे गाडतो, तीच काही वर्षांनी सुपीक माती होते, हे येथील माणसे न हलण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत व्यवहारी कारण आहे.

पाहुण्यांचा मेरापी

२०१८ पर्यंत मेरापी चढून जाता येत असे. उत्तरेच्या सेलो गावातून, म्हणजे मेरापी आणि त्याचा शांत शेजारी मेरबाबू यांच्यामधल्या खिंडीतून, गिर्यारोहक मध्यरात्रीच्या सुमारास निघत आणि पासार बुब्रा या झाडे संपल्यानंतरच्या ओसाड पठारावर पोहोचून सूर्योदय पाहत. त्यापुढचा विवरापर्यंतचा चढ सैल खडीचा आणि धोक्याचा होता. शिखरावरील गरुड नावाचा सुळका, ज्याच्याशेजारी छायाचित्र काढणे हा अनेक पिढ्यांचा परिपाठ होता, २०१० मध्ये नाहीसा झाला. ११ मे २०१८ रोजी सकाळी पर्वतावर शंभराहून अधिक गिर्यारोहक असताना बाष्पस्फोट झाला. असा स्फोट नवा शिलारस वर न येताही, भूजलाची एकाएकी वाफ होऊन होतो, म्हणून त्याची पूर्वसूचना मिळणे फार कठीण असते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, मात्र त्या महिन्यात चढाई बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० रोजी तिसरी पातळी जाहीर झाली, २०२१ मध्ये विवराच्या आत एक व नैर्ऋत्य कडेवर एक असे दोन घुमट वाढताना दिसले आणि ११ मार्च २०२३ रोजी घुमट ढासळून मागेलांगकडच्या गावांवर राख पडली.

आजचा पाहुणा म्हणूनच मेरापी खालून आणि दुरून पाहतो. स्लेमान जिल्ह्यातील मेरापी संग्रहालयात उद्रेकांचे प्रकार, उपकरणे आणि जुन्या घटनांचे अवशेष मांडलेले आहेत, आणि पर्वताकडे जाण्यापूर्वी तेथे काही तास घालवणे उपयुक्त ठरते. कालिउरांग हे डच काळापासूनचे थंड हवेचे ठिकाण आहे. तेथून आणि जवळच्या वाड्यांतून जुन्या लष्करी बनावटीच्या उघड्या जीपगाड्या पाहुण्यांना गेंदोल दरीच्या काठाने, राखेतून बाहेर आलेल्या प्रचंड शिळांपाशी, कालिआदेमच्या आश्रयगृहापर्यंत आणि एका उद्ध्वस्त घरात मांडलेल्या छोट्या संग्रहालयापर्यंत नेतात. त्या घरात वितळलेली भांडी, वाकलेल्या दुचाकी, गुरांचे सांगाडे आणि स्फोटाच्या क्षणी थांबलेले घड्याळ ठेवलेले आहे. पुष्कळसे जीपचालक आणि मार्गदर्शक याच वाड्यांचे रहिवासी आहेत. शासनाने खालच्या बाजूला बांधून दिलेल्या वसाहतीत ते रात्री राहतात आणि दिवसा आपल्या जुन्या गावाच्या अवशेषांवर उपजीविका करतात. या सहलीचा उथळ थरारपणा काही टीकाकारांना खटकतो. तरीही वरचे घर सोडण्याची किंमत भरून काढणारे उत्पन्न जर त्याच जागेतून मिळत असेल, तर स्थलांतर टिकवण्याचा तो एक परिणामकारक मार्ग आहे, हे नाकारता येत नाही.

पश्चिमेकडून मेरापी पाहायचा तर मेरबाबूच्या बाजूची केतेप खिंड किंवा बोरोबुदुरजवळच्या टेकड्या अधिक सोयीच्या आहेत. पहाटे आकाश स्वच्छ असण्याची शक्यता जास्त असते आणि दहा वाजण्याच्या सुमारास शिखर बहुधा ढगांत जाते. एप्रिल-मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ त्यासाठी योग्य, तर पावसाळ्यात नदीपात्रांत उतरणे लाहारांमुळे अंगाशी येऊ शकते.

सुमात्रा बेटावर जवळपास याच नावाचा मारापी ज्वालामुखी आहे. ३ डिसेंबर २०२३ रोजी त्याचा अचानक उद्रेक झाला, तेव्हा पर्वतावर सुमारे ७५ गिर्यारोहक होते आणि त्यांतील वीसहून अधिक जण मरण पावले. तेथे धोक्याची पातळी दुसरी होती आणि विवरापासून तीन किलोमीटर दूर राहण्याची शिफारस आधीच केलेली होती, तरीही चढाई चालू होती. मेरापीवर तिसऱ्या पातळीत चढाईबंदी लागू असते, हा दोन पर्वतांमधला नव्हे, दोन प्रशासनांमधला फरक आहे.

बोरोबुदुर आणि प्रंबानन पाहण्यासाठी जाणाऱ्या मराठी प्रवाशाने आपल्या कार्यक्रमात मेरापीला एक दिवस अवश्य द्यावा, कारण ती मंदिरे ज्या मातीवर उभी आहेत आणि जिच्याखाली त्यांची भावंडे गाडली गेली आहेत, ती माती याच पर्वताची आहे. निघण्यापूर्वी मात्र त्या दिवशीची धोक्याची पातळी आणि निर्बंधित क्षेत्राची सीमा पाहावी, सीमेच्या आत नेण्याची तयारी दाखवणाऱ्या वाटाड्याला नकार द्यावा आणि स्थानिकांनी परत फिरायला सांगितले तर कारण न विचारता फिरावे. मेरापीच्या शतकभराच्या नोंदी एकच निष्कर्ष पुन्हा पुन्हा देतात: येथे माणसे वाचली ती अंतर राखल्याने, भिंतींच्या आड लपल्याने नव्हे.